अजायबघरातली लेकुरवाळी

समोर कुणीही येऊन उभं राहिलं की आप्पा आधी त्याच्या अंगावरचं कापड चिमटीत धरायचे. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासायचे, डोळे किंचित मिटायचे आणि विचारायचे, "कुठलं म्हणायचं हे?" उत्तराची वाट मात्र बघत नसत. "नारायणपेठ," असं स्वतःच सांगून मोकळे व्हायचे. एका लग्नात त्यांनी अक्षता टाकता टाकता नवरदेवाचा शेला चाचपला आणि व्याह्यांच्या तोंडावर "सूत मिसळलंय यात" असं म्हणून ठेवलं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. धंदा त्यांच्या बोटांत उतरलेला असतो.

मुरुमला त्यांचं कापडाचं दुकान होतं. निजामाचं राज्य, कारभार सगळा उर्दूत आणि आप्पांना मराठी-कानडीपलीकडं अक्षर येत नव्हतं. म्हणून मी दुकानात होतो. उर्दू लिहिणं-वाचणं आणि खरेदीला त्यांच्याबरोबर हैदराबादला जाणं हे माझं काम.

दुसरी मोठी लढाई संपत आली होती तेव्हाची गोष्ट. आम्ही गुलबर्ग्याहून रेल्वेनं हैदराबाद गाठलं, तर कुणा बड्या माणसाच्या मयतीमुळं बाजार बंद. दिवस मोकळा पडला. मी म्हणालो, "आप्पा, बागेतलं अजायबघर बघू या."

"जुनी भांडी बघायला इतक्या लांब आलो व्हय आपण?" असं कुरकुरत ते आले.

आत शिरल्यावर त्यांचा जीव रमेना. काळ्या बिदरी सुरया, त्यांवरची चांदीची वेल, बोटभर उंचीची रंगीत चित्रं, हस्तिदंती डब्या. मी एकेक बघून हरखत होतो आणि आप्पा जांभया देत होते. एका दालनात जुने जरीचे अंगरखे काचेआड टांगले होते. तिथं तेवढा त्यांचा हात आपसूक पुढं गेला आणि काचेवर आपटला. पहारेकरी म्हातारा हसला. "सेठ, आँखों से छूने का यहाँ," म्हणाला.

मग दगडी मूर्तींचं दालन आलं. मी पुढं होतो. कोपऱ्यात एक बाई उभी होती, कंबरेत किंचित कललेली, कडेवर मूल. मुलाचा एक हात आईच्या गळ्यातल्या माळेत अडकलेला. मी खालची पाटी वाचली आणि ओरडलोच, "आप्पा, बघा तरी! मुरुम, जिल्हा उस्मानाबाद! आपल्या गावची हाय ही!"

वळून पाहिलं, तर आप्पा दारातच भिंतीला धरून उभे होते.

बाहेर बागेत झाडाखाली बसून त्यांनी मला सांगितलं. आमच्या गावाबाहेर चिंचेखाली लेकुरवाळी नावाची देवी होती. शेंदराच्या थरांनी तिचे नाकडोळे पार बुजले होते. कडेवरचा उंचवटा तेवढा कळायचा, त्यावरून ते नाव. बाळंतिणी सव्वा महिन्यानं तिच्या पाया पडायला जात. मी मुरुमला नोकरीला आलो त्याच्या आधीच ती एके दिवशी नाहीशी झाली होती. देवी रुसून गेली, असं मी गावात ऐकलं होतं.

"रुसली कशाची," आप्पा म्हणाले. "म्या दिली. कापडावर कंट्रोल आलं, माझं लायसन अडलं. लायसन देणाऱ्या साहेबाला जुन्या दगडांचा शौक. म्हणाला, ती मूरत बघावी म्हणतो. म्या म्हणलं, घेऊन जावा. गाव जत्रेला गेलतं. भर दुपारी माझ्याच गाडीत घालून दिली." साहेबांची पुढं बदली झाली आणि त्यांनी ती मूर्ती अजायबघरात जमा केली असावी. तिथं शेंदूर खरवडून तिला साफ केलं असणार.

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो, पण त्यांचं संपलं नव्हतं. चिंचेजवळच काशीबाईचं घर होतं. देवीचं तेलपाणी तीच बघायची. जत्रेच्या दिवशी तिची सून बाहेरची होती, म्हणून घरी राहिली होती. देवी गेली ती हिच्या विटाळानं, असं गावानं ठरवलं. पोरगी सांगत राहिली की दुपारी गाडीचा आवाज आला होता. कुणी ऐकलं नाही. सासूनं तिला अणदूरला माहेरी धाडून दिलं.

"गाडी आलती, गाडी आलती, म्हणून माझ्या दुकानाम्होरंसुदिक रडली," आप्पा म्हणाले. "म्या कापड फाडत बसलो."

त्यानंतर प्रत्येक खरेदीला आप्पा आधी अजायबघरात जाऊ लागले आणि मग बाजारात. पहिल्या एकदोन वेळा ते नुसते तिच्यापुढं मान खाली घालून उभे राहत. मग हळूहळू बघायला लागले. एकदा मला जवळ ओढून म्हणाले, "हा पदर बघ. दगडाला चूण पडलीय. खांद्यावर कापड ताठ हाय आणि कंबरेला ढिलं पडलंय, का? तर पोरानं पायानं ओढलंय. करणाऱ्यानं आपल्या घरात बघितलं आसंल हे." आणि मग लगेच पडलेल्या आवाजात, "चिंचेखालनं रोज जायचो मी. कधी वळून बघितलं न्हाय. द्यायच्या दिवशी बघितली, ती पण गाडीत मावती का म्हणून."

तिच्यावरून त्यांची नजर इतर वस्तूंवर गेली. सुरईवरची वेल कुठं सुरू होते हे शोधत ते तिच्याभोवती फिरायचे. चित्रातल्या राणीच्या ओढणीतून पलीकडची बांगडी दिसते, हे चारदा बघूनही मला कळलं नव्हतं, ते त्यांनी दाखवलं. पण कुठल्याही वस्तूचं मन भरून कौतुक झालं की त्यांचा चेहरा उतरायचा. "कुठलं म्हणायचं हे?" ते मला पाटी वाचायला लावायचे. मी गावाचं नाव वाचलं की म्हणायचे, "तिथं आता काय आसंल रे त्या जागी?" मी पुढची पाटी वाचायला घ्यायचो. तुम्हाला तरी उत्तर सुचलं असतं का?

शेवटी एका खेपेला त्यांनी काशीबाईला बरोबर घेतलं. हैदराबाद दाखवतो, एवढंच तिला सांगितलं. मोटारीत, रेल्वेत म्हातारी पोटाशी गाठोडं धरून बसली होती.

मूर्तीसमोर उभी केल्यावर तिनं ओळखलंच नाही. मी पाटी वाचून दाखवली. तिनं कडेवरचं मूल बघितलं, त्याच्या हाताकडं बघितलं आणि मग नजर वर नेली.

"इला तोंड हाय की," ती म्हणाली. "हसती बी. एवढी वर्सं न्हाऊ घातलं इला, आन् तोंड आज बघतीय मी."

ती पुढं सरकली तसा पहारेकरी म्हणाला, "मौसी, हात नक्को लगाओ." ती लगेच थांबली. जराशानं आप्पांकडं वळली. "हितं कशी आली?"

आप्पांनी सांगितलं. काही झाकलं नाही. लायसन, साहेब, जत्रा, गाडी. बोलताना ते मूर्तीकडं नाही, म्हातारीकडं बघत होते. तिथं येणारी-जाणारी माणसं थांबून बघत होती, त्यांचंही भान त्यांना नव्हतं.

काशीबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "मग माझी सून?"

आप्पांनी हात जोडले. म्हातारीनं त्या हातांकडं बघितलं नाही. परतीच्या वाटेवर ती माझ्याशी दोनचार शब्द बोलली, त्यांच्याशी एकही नाही. पुढंही कधी बोलली नाही.

गावी आल्यावर आप्पांनी बाजाराच्या दिवशी चावडीपुढं उभं राहून सगळं सांगितलं. लोक त्यांना काय काय बोलले, ते इथं लिहीत नाही. त्यांच्या थोरल्या मुलानं महिनाभर दुकानात पाऊल टाकलं नाही. दुसऱ्या आठवड्यात गाडी जुंपून आप्पा अणदूरला गेले. सुनेला बोलावल्याचा काशीबाईचा निरोप माझ्याकडं होता, म्हणून मी बरोबर होतो.

काशीबाईची सून अंगणात शेंगा फोडत बसली होती. आप्पा खाली मातीतच बसले आणि म्हणाले, "पोरी, माझ्यामुळं झालं सगळं. तुझ्या सासूनं बलावलंय. चल."

तिनं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. म्हणाली, "देवी घावली म्हून न्यायला आलाव. घावली नसती तर?"

आप्पा मातीत पडलेली टरफलं गोळा करू लागले.

"मी खरंच बोलत हुते," ती म्हणाली. "देवी घावायच्या आदी बी खरंच बोलत हुते." आणि सूप उचलून आत गेली.

ती आली नाही. वर्षभरानं तिचा नवरा, काशीबाईचा मुलगाच, मुरुम सोडून अणदूरला तिच्याकडं राहायला गेला. काशीबाई चिंचेपाशी एकटी राहिली. आप्पांनी केलं त्याचं एवढंच फळ. एक घर पुन्हा जुळलं आणि एक म्हातारी एकटी पडली. रोज सकाळी ती दुकानावरून पाण्याला जायची. आप्पा गादीवरून उठून उभे राहायचे आणि ती दिसेनाशी होईपर्यंत बसायचे नाहीत. मी एकदा म्हणालो, "आप्पा, ती बघत बी न्हाय."

"बघू नये तिनं," आप्पा म्हणाले.

मग रझाकारांचे दिवस आले. वाटा धोक्याच्या झाल्या, हैदराबादच्या खेपा बंद पडल्या. पोलिस कारवाई होऊन वाटा मोकळ्या झाल्या तेव्हा आप्पा अंथरुणाला खिळले होते. मूर्ती परत मिळावी म्हणून नव्या सरकारकडं अर्ज करायचं त्यांच्या मनात होतं. मी विचारलं, "आणली तर कुठं ठेवायची? पुन्हा शेंदूर चढंल तिच्यावर." "तेच तर कळंना," आप्पा म्हणाले. थोड्याच दिवसांत ते गेले.

पुढल्या खरेदीला मी त्यांच्या थोरल्या मुलाबरोबर हैदराबादला गेलो. तो बाजारात गेला आणि मी बागेत. दालनात तोच म्हातारा पहारेकरी होता. माझ्या मागं दाराकडं बघत तो म्हणाला, "सेठ नहीं आए?"

मी सांगितलं. भिंतीजवळचं स्वतःचं स्टूल त्यानं सवयीनं उचललं होतं, मूर्तीच्या समोर नेऊन ठेवायला. खरेदी झाल्यावर मी बाजारात हिशेब करीत असताना आप्पा पुन्हा येऊन दुपार दुपार तिथं बसून असायचे, हे मला तेव्हा कळलं. स्टूल हातात धरून तो क्षणभर तसाच उभा राहिला. मग ते त्यानं पुन्हा भिंतीला लावलं, पण स्वतः काही त्यावर बसला नाही.