अडलेली शेळी आणि लग्नाचा चुडा

कवठे महांकाळच्या पुढं आमचं गाव. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर कधी येणार त्यावर घरातली सगळी कामं ठरायची. जमीन होती, पण चार बोटं खाली गेलं की दगड. वडील हंगामात तासगावला बेदाण्याच्या शेडवर कामाला जायचे, एरवी मिळेल ते करायचे. मला गणवेश एकच होता. संध्याकाळी धुवायचा, सकाळी ओला असला तरी अंगात घालायचा. घर खरं चालायचं ते आईच्या चार-पाच शेळ्यांवर. बोकड बाजारात गेलं की माझी वह्या-पुस्तकं घरात यायची. विताना एखादी शेळी गेली की त्या वर्षी कुणाचं तरी काहीतरी राहून जायचं.

म्हणून आईनं शेळी सोडवायचं काम शिकून घेतलं. कुणी शिकवलं नाही. तिचा हात लहान, बोटं लांब. अडलेल्या शेळीला ती तेल लावून हात घालायची, डोळे मिटायची आणि आतला पाय पुढचा की मागचा ते सांगायची. खुराच्या वरचे दोन सांधे एकाच बाजूला वाकले तर पुढचा पाय, उलटसुलट वाकले तर मागचा. पुढं कॉलेजात सर हेच शिकवायला लागले तेव्हा मला हसू फुटलं. सरांनी उभं केलं. मी म्हणाले, सर, हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे. वर्ग हसला, पण मी काही खोटं बोलले नव्हते.

ह्या कामापायी आई उजव्या हातात बांगड्या घालायची नाही. एकदा घाईत काचेची बांगडी आत फुटली होती. शेळीला आतून कापलं आणि ती गेली. तेव्हापासून आईचा डावा हात भरलेला, उजवा मोकळा. सवाष्ण बाईचं असं मनगट गावाला बघवायचं नाही. बाकीच्या बायका मागं बोलायच्या, माझी चुलती तोंडावर बोलायची.

"आवं जाऊबाई, भावजी जित्तं हाईत न्हवं?"

"हाईत की," आई म्हणायची. "आत च्या पीत बसल्यात, इचारून या."

ह्याच बायका, शेळी अडली की भर उन्हात आईला बोलवायला पळत यायच्या. तेव्हा तिच्या मनगटाकडं कुणाचं लक्ष जायचं नाही.

मी पशुवैद्यकीची पदवी घेतली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडिलांनी प्रमाणपत्राला काच लावून आणली. पण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. अवघड जनावर आलं की माझ्या बाजूला सरांचा हात असायचाच. एकटीनं मी एकही अडलेलं जनावर सोडवलं नव्हतं. पदवी मिळाली होती, आईचा हात मिळालाय का, ते मला ठाऊक नव्हतं.

ते कळायची वेळ आली माझ्या लग्नाच्या चार दिवस आधी. आई हौदापाशी घसरून पडली होती आणि तिचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. सकाळी कासारणीनं माझ्या दोन्ही हातांत हिरवा चुडा भरला. चुलतीनं आल्यागेल्याच्या हातावर साखर ठेवली. आणि दुपारी आईची काळी शेळी अडली. घरातल्या बाकी सगळ्या शेळ्या हिच्याच पोटच्या.

पाणी फुटून बराच वेळ झाला होता. दोन खूर बाहेर, डोकं मात्र येईना. दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला, ते लांबच्या वस्तीवर गेलेले. वडील म्हणाले, टेम्पोत घालून तालुक्याला नेऊ.

"वाटंत मरंल," आई म्हणाली. मग तिनं माझ्या हाताकडं बघितलं.

मी बांगड्या काढायला लागले. कासारणीनं चेपून भरलेल्या, एकही सरकेना. फोडाव्या लागणार होत्या. आमच्याकडे बांगड्या फोडणं असं तोंडानं म्हणतसुद्धा नाहीत, वाढवणं म्हणतात. चुलती माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"अक्षता पडायच्या आधी चुडा वाढवतीस? सासरची माणसं काय म्हंतील?"

मला भीती सासरची नव्हती. चुडा वाढवून शेळी मेली तर आईपुढं काय तोंड घेऊन बसू, ही होती. मी उजव्या मनगटाला टॉवेल गुंडाळला आणि वरवंटा घातला. काचा झटकल्या, साबणानं हात धुतला, तेल लावलं.

दोन पाय हाताला लागले. सांधे तपासले, दोन्ही पुढचे. मला हायसं वाटलं. मी ओढायला लागले. शेळी ओरडली, करडू तसूभर हललं नाही.

"वढू नगंस," आई शेळीच्या तोंडाशी बसून म्हणाली. "दोन्ही पाय एकाचंच हाईत कशावरनं?"

मी थांबले.

"पायावरनं वर जा. छातीला बोटं लागू देत. छातीवरनं पल्याड उतर."

मी गेले. पल्याडचा पाय होता, पण तो दुमडून मागं पडलेला. म्हणजे बाहेर आलेला दुसरा पाय ह्या करडाचा नव्हताच. दोन करडं एकदम दारात आली होती. परक्या पायाला मी हळूच मागं लोटलं, दुमडलेला पाय सरळ करून आणला, डोकं ओळीत घेतलं. मग शेळीनं कळ दिली तेव्हाच ओढलं. तांबडी पाट आली, मादी करडू. श्वास नव्हता. वडिलांनी मागचे पाय धरून तिला झोका दिला, तशी ती शिंकली. दुसरं करडू तर जवळजवळ आपलं आपणच आलं.

आईनं डाव्या हातानं माझा माखलेला हात धरला, उलटापालटा करून बघितला.

"तुजं मनगट माज्यापरास बारीक हाय," ती म्हणाली. तिच्या तोंडून मी ऐकलेलं सगळ्यात मोठं कौतुक ते.

चुलतीनं बातमी सासरी पोचवली होतीच. दुसऱ्या दिवशी होणाऱ्या सासूबाई आल्या. घरात कुणी धड बसेना. त्यांनी माझं मोकळं मनगट बघितलं आणि वडिलांना विचारलं, "शेळी कशी हाय?"

"बरी हाय. दोन करडं हाईत."

"मग झालं की," त्या म्हणाल्या आणि करडं बघायला परड्यात गेल्या.

लग्नादिवशी सकाळी कासारीण पुन्हा आली. चुलती शेजारी ठाण मांडून बसली. उजव्या हाताला सैल भर, तिनंच बजावलं, हिचा काय भरवसा नाही.

पुढं मी स्पर्धा परीक्षा दिली, दुसऱ्या खेपेला पास झाले. आज म्हसवडजवळच्या सरकारी दवाखान्यात मी पशुधन विकास अधिकारी आहे. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, आणि अडलेली शेळी सोडवणारी दुसरी.