दोन विमानांच्या मधली झोप

देवाचं नाव घेणं मी सोडलं होतं, ते आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. लातूरला शाळेत मी तीस वर्षं मराठी शिकवलं. माहूरची रेणुका आमची कुलदेवी. लग्न झाल्यापासून एक दिवस तिची पूजा चुकली नव्हती. तीन वर्षांपूर्वी यजमान आजारी पडले तेव्हा मी रोज तिच्यापुढे बसून एकच मागणं मागत होते. ते गेले. तेराव्यानंतर मी देवघराचं दार ओढून घेतलं आणि ते पुन्हा उघडलं नाही. भांडण वगैरे काही नव्हतं. घरात एखाद्याशी बोलणं बंद होतं आणि मग ते बंदच राहतं, तसं झालं होतं.

माझी एकुलती मुलगी राधा जर्मनीत असते. तिला आठवा महिना लागला होता. बाळंतपणासाठी मी जाणारच होते, व्हिसाही झाला होता. पण ठरलेल्या तारखेच्या बरंच आधी जावयाचा फोन आला. राधाचं ब्लडप्रेशर एकदम वाढलं होतं, पायांवर, तोंडावर सूज आली होती आणि तिला दवाखान्यात ठेवलं होतं. "आई, लवकर येता आलं तर या," एवढंच ते म्हणाले. फारसं बोलणारा माणूस नाही तो, म्हणून मला जास्त भीती वाटली. पुतण्याने धडपड करून दुसऱ्या दिवशीचं तिकीट मिळवलं. हैदराबादहून आखातात आणि तिथून जर्मनीला. अडचण एकच होती. आखातातल्या विमानतळावर सकाळी सहाला उतरायचं आणि पुढचं विमान रात्री नऊला. पंधरा तास.

पुतण्याने मला एका कागदावर सगळं लिहून दिलं होतं. उतरल्यावर आधी वायफाय चालू कर, जेवणाचं कूपन माग, आंघोळीची सोय असते तिथे जा, शांत खोलीत आराम कर, दर दोन तासांनी बोर्डावर गेट नंबर बघ. पोराने मनापासून लिहिलं होतं. पण मी आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसले होते. उतरल्यावर त्या प्रचंड लांबलचक इमारतीत सरकत्या पट्ट्यांवरून धावणारी माणसं, अत्तरांची दुकानं, चारी बाजूंनी परक्या भाषा, हे सगळं बघून मी कागद हातात धरून कडेलाच थांबले. फोनवर वायफाय लावायला गेले तर ते मोबाइलवर आलेला नंबर मागत होतं आणि माझ्या मोबाइलवर काही येतच नव्हतं. दोनदा करून पाहिलं. मग बोर्डासमोरच्या खुर्चीत बसले ती बसलेच. तोंड धुतलं नाही, पाणी प्यायले नाही. राधाचं काय चाललं असेल ते कळायला मार्ग नव्हता आणि पुढचे पंधरा तास मी काहीही करू शकणार नव्हते. चार तास मी तो बोर्ड पाहत होते. जणू नजर काढली तर विमान निघून जाईल.

दहाच्या सुमाराला माझ्या शेजारी कुणीतरी अक्षर अक्षर लावून वाचल्याचं ऐकू आलं. "ला... तू... र." पुतण्याने माझ्या बॅगेवर मार्करने मोठ्या अक्षरांत पत्ता लिहिला होता, तो एक बाई वाकून वाचत होती. साठी उलटलेली, सावळी, अंगावर फिकट निळी साडी, त्यावर बाप्याचा स्वेटर आणि पायात पांढरे बूट.

"लातूरच्या हाव का बाई? मी भोकरची. एकाच इमानात आलो की आपण. सकाळपून बघून राहिले, तुम्ही हितंच बसून हाव. तब्येत बरी न्हाई का?"

मराठी कानावर पडलं आणि मला रडू आलं. एरवी कुणासमोर डोळ्यांत पाणी आणणारी बाई नाही मी. राधाचं सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "आधी फोन सुरू करू. चला, पासपोर्ट घ्या."

तिचं नाव कौशल्याबाई. भोकरकडच्या एका गावात सव्वीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस होती. मुलगा कॅनडात नोकरीला, त्याच्याकडे ती तिसऱ्यांदा निघाली होती. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, मराठीही लावून लावून वाचायची, पण ते विमानतळ तिला गावच्या बाजारासारखं पाठ होतं. एका खांबाजवळच्या मशीनवर तिने माझा पासपोर्ट उघडून पालथा ठेवला. मशीनमधून चिठ्ठी आली, तिच्यावर आकडा होता. तो फोनमध्ये घातला आणि वायफाय लागलं. मी तीस वर्षं मुलांना शिकवलेली बाई, खाली वाकून तिचे हात बघत राहिले.

जावयाचा संदेश येऊन पडला होता. आज दुपारी ऑपरेशन करून बाळ काढायचं ठरलं होतं. "मी आत असेन, फोन घेता येणार नाही. झालं की लिहितो." मी तो कौशल्याबाईला वाचून दाखवला आणि परत त्याच खुर्चीकडे निघाले. तिने माझा दंड धरला.

"तिकडं कशाला? बोर्ड काय आपरेशन करतो का? हे बघा, आख्ख्या दिवसाकडं बघितलं की जीव घाबरा होतो. दिवसाचे तुकडे करायचे. एका तुकड्यात एकच काम. आता आंघोळ. नंतरचं नंतर."

"लेक तिकडे ऑपरेशनच्या टेबलावर आणि मी आंघोळ करू?"

"करा की. तिथं पोचल्यावर बाळंतिणीला तुमचे हात लागणार हायत. ते धड नको का ऱ्हायला?"

मी आंघोळ केली. विमानतळावर गरम पाण्याखाली उभं राहून केसांवरून पाणी घेतलं आणि साडी बदलली. बाहेर आले तेव्हा ती दाराशी माझी बॅग पायात धरून उभी होती. मग विमान कंपनीच्या खिडकीवर जाऊन तिने बोटाने घड्याळ, तोंड आणि तिकीट दाखवून जेवणाची दोन कूपनं घेतली. मी ताटाला हात लावला नाही. तिने मात्र आपल्या डब्यातून ज्वारीची धपाटी काढली, माझ्या ताटात ठेवली आणि मी खाईपर्यंत नातवाचं, कॅनडातल्या थंडीचं आणि सुनेने लावलेल्या कोथिंबिरीचं सांगत राहिली. बोलता बोलता दोन धपाटी संपली.

"आता जरा बसू," ती म्हणाली आणि मला एका खोलीत घेऊन गेली. सगळ्या धर्मांच्या लोकांसाठी ठेवलेली प्रार्थनेची खोली होती ती. आत मूर्ती नाही, फोटो नाही. नुसता गालिचा आणि मंद उजेड. कौशल्याबाई मांडी घालून बसली, डोळे मिटले आणि अगदी हलक्या आवाजात तिने बुद्धवंदना म्हटली. मला काहीच म्हणता येईना. बाहेर आल्यावर मी तिला देवघराच्या दाराची गोष्ट सांगितली. का सांगितली कोण जाणे, सख्ख्या बहिणीलाही सांगितली नव्हती.

"आमी बौद्ध, बाई. तुमच्या देवीचं मला कळत न्हाई," ती म्हणाली. "तुमचं तिचं तुमी बघा. पण एवढं कळतं, आपल्या हातात न्हाई ते हातात धरून बसलं की हात दुखतेत. दुसरं काय होत न्हाई."

मी तिला थांबायला सांगितलं आणि एकटीच पुन्हा आत गेले. त्या रिकाम्या भिंतीसमोर बसले. तीन वर्षांनी पहिल्यांदा मी देवीला हाक मारली. मागितलं काहीच नाही, मागायची हिंमतच नव्हती. एवढंच म्हणाले, आई, हे माझ्या हातात नाही. तुझ्या हातात आहे. मी सोडलं. डोळ्यांपुढे प्रकाश आला नाही, अंगावर काटा आला नाही. उलट, जांभई आली. त्या खोलीत, अशा वेळी, जांभई. मला स्वतःचीच लाज वाटली.

जवळच लांब आरामखुर्च्यांची शांत खोली होती. कौशल्याबाईने मला एका खुर्चीवर निजवलं, माझीच शाल माझ्या अंगावर टाकली. तेव्हा एक वाजला होता. तिचं विमान तीनला होतं. "तुम्ही जाल तेव्हा मला उठवा, निरोप घ्यायचाय," मी म्हटलं. "हाव, हाव," ती म्हणाली. "आता डोळे मिटा." आदल्या दोन रात्री मी पापणीला पापणी लावली नव्हती. फोन छातीशी धरून पडले होते. वाजला की लगेच कळेल, असा हिशोब होता. त्यानंतरचं मला काही आठवत नाही.

कुणीतरी खांदा हलवत होतं. सफाईचा निळा गणवेश घातलेली एक नेपाळी बाई होती. हिंदीत म्हणाली, "दीदी, उठिए. आपकी बहन बोलके गई है, चार बजे उठा देना."

मी दचकून उठले. चार वाजले होते. कौशल्याबाई केव्हाच गेली होती. माझ्या बॅगेचा बंद तिने खुर्चीच्या पायाला गाठ मारून बांधून ठेवला होता. फोनवर दोन संदेश होते.

पहिला दोन वाजून दहा मिनिटांनी आला होता. "मुलगी झाली. बाळ ठीक आहे. राधाला रक्तस्राव होतोय, थांबत नाहीये. मला बाहेर काढलंय."

दुसरा तीन पस्तीसचा. "थांबला. राधा शुद्धीवर आहे. तुमच्याबद्दल विचारतेय."

मी दोन्ही एका दमात वाचले. पहिल्याचा अर्थ पुरता लागायच्या आत डोळे दुसऱ्यावर पोचले होते. त्या दोन संदेशांच्या मधली सव्वा तासाहून मोठा वेळ, जो माझा जावई परक्या देशात भिंतीला टेकून एकटा सोसत होता, तो माझ्या वाट्याला आलाच नाही. तो मी जागेपणी सोसू शकले असते असं मला वाटत नाही. यजमानांच्या वेळी मी डॉक्टरांच्या दारात उभी होते, तेव्हा काय होतं ते मला ठाऊक आहे. फोन छातीवर दोनदा वाजला असणार. झोप माझी मुळातच सावध, पाल चुकचुकली तरी जाग येते. त्या दिवशी आली नाही.

मी पुन्हा त्या रिकाम्या खोलीत गेले आणि गालिच्यावर डोकं टेकवलं. उरलेले पाच तास कसे काढायचे ते मला आता माहीत होतं. चहा घेतला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले, गेट पाहून ठेवलं. विमान सुटायच्या तासभर आधी जाऊन बसले.

कौशल्याबाईचा नंबर मी घेतला नव्हता. आडनावही विचारलं नव्हतं. परत आल्यावर माहूरला जाताना भोकरला उतरून दोन-तीन ठिकाणी चौकशी केली, पण नुसत्या नावावरून काही लागलं नाही. ओळखीचे लोक म्हणतात, देवीच आली होती त्या रूपात. मी मान हलवत नाही. ती भोकरची होती, तिला कॅनडाला जायचं होतं, आणि देवीचं कळत नाही असं तिने मला स्वच्छ सांगितलं होतं. तिची पुण्याई तिच्याकडून काढून मी कुणाच्या नावावर करावी? मी एवढंच म्हणते की, मी सोडलं, आणि सोडल्यावर मला धरायला कुणीतरी होतं. त्यापुढचं मला कळत नाही आणि कळायला हवं असा हट्टही आता उरला नाही. देवघराचं दार मी उघडलं आहे. पूर्वी पूजेत मागण्यांची यादी असायची. आता हात जोडते आणि थोडा वेळ गप्प बसते.

हे सगळं नंतरचं. विमानतळावरच्या त्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी जर्मनीत दवाखान्यात राधाला भेटले. पांढरीफटक झाली होती, हातात सुया होत्या. बाळ दुसरीकडे काचेच्या पेटीत होतं. मी तिच्या कपाळावर हात ठेवला तर तिने तो धरून ठेवला.

"आई, यांनी तुला तो पहिला मेसेज केला हे मला नंतर कळलं. मी यांना खूप बोलले. तिथे एकटीने वाचून तुझं काय झालं असेल, मला तीच काळजी लागली होती. काय केलंस गं तू तेव्हा?"

"झोपले होते," मी म्हटलं.

"झोपली होतीस? तू?" ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिला हसू आलं, टाके दुखायला लागले, तरी थांबेना. पोटाला हात लावून ती हसत होती आणि नर्स दारातून डोकावून आम्हा दोघींकडे बघत होती.