नाईमाने दिलेलं औषध

आम्ही ठाण्याचे यहुदी; तिथून वाळवंटातल्या येरुहाम गावी आलो, ते देवाच्या भूमीत राहायला मिळेल म्हणून. पण त्रेसष्ट साली कारखान्यात यांचा हात यंत्रात सापडला, बेरशेबाच्या हॉस्पिटलात ती जखम चिघळली, आणि माझ्या तोंडून प्रार्थना निघेनाशी झाली. ‘यासाठीच का इथे आणलंस?’ एवढंच मनात येई.

अत्यवस्थ रोग्यांच्या खोलीत हे तापाने फणफणत होते. मलाही ओळखत नव्हते. डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलत. म्हणाले, “पेनिसिलिन भरपूर दिलं, पण हॉस्पिटलातले हे जंतू आता त्याला दाद देत नाहीत. इंग्लंडात नवीन औषध निघालंय. आम्ही मागवलंय.”

“आणि ते येईपर्यंत?” मी विचारलं.

बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी नाईमा बसे. ती बगदादहून आलेली यहुदी. तिच्या नवऱ्यालाही तोच आजार होता. लंडनच्या भावाने तिला ते औषध पाठवलं होतं, पण फार उशिरा पोचलं. मोडक्यातोडक्या हिब्रूत आम्ही एकमेकींना धीर द्यायचो. एका सकाळी ती भिंतीला धरून बाहेर आली आणि मी समजले. मी तिला घट्ट जवळ घेतलं. पुष्कळ वेळ रडली. मग डोळे पुसून आत गेली आणि उरलेल्या औषधाची पेटी तिने डॉक्टरांच्या हातात ठेवली. “हिच्या माणसाला द्या.”

मला राहवेना. “नाईमा, तुझ्यावर एवढं दुःख कोसळलंय, आज तरी माझं राहू दे गं.”

“तुला आजच लागणार ना?” ती म्हणाली.

ताप हळूहळू उतरला. एका दुपारी यांनी डोळे उघडून चक्क विचारलं, “चहा मिळेल का गं?” मी तिथेच पदरात तोंड लपवून रडले.

हे घरी आल्यावर आम्ही आमच्या संदेष्ट्याचा, एलियाहू हन्नबीचा, आभाराचा मलिदा केला. दुःखातल्या नाईमाला अशा आनंदाच्या कार्याला बोलवायचा संकोच वाटत होता, पण ती आली. मलिद्याच्या गोड पोह्यांच्या ताटाभोवती माणसं जमली, तेव्हा यांनी तिला नवऱ्याचं नाव विचारलं आणि आधी त्याच्यासाठी प्रार्थना म्हटली. नाईमा “आमेन” म्हणाली, तिच्या पाठोपाठ आम्ही सगळे.

माझा माणूस वाचला आणि तिचा का गेला, हे मी देवाला विचारत नाही. ते त्याच्यावर सोडलंय. मी रोज हात जोडते, तेव्हा नाईमाचं नाव आधी घेते.