रांगोळीनं घासलेला डॉलर

सिंगापुरात पूर्वी चालायचे त्या चांदीच्या डॉलरांपैकी बरेचसे मुंबईच्या टांकसाळीत पाडलेले, हे कळलं आणि मी या छंदात पडले. पासिर रिसच्या माझ्या फ्लॅटमधून निघायचं, दोन बस बदलून एका म्हाताऱ्या चिनी अंकलच्या दुकानात जायचं, भिंगातून मुंबईच्या टांकसाळीची खूण असलेलं बारीकसं ‘बी’ अक्षर शोधायचं. मग बाकीचं बघायचं. नाण्यावरच्या बाईची ढाल किती झिजलीय, कुठे ठोकर लागलीय का. नाणं धरायचं ते कडेनंच. आणि काळं पडलं असेल तर तसंच राहू द्यायचं, त्या काळेपणालाच किंमत. अंकल दर खेपेला बजावायचे, “नो क्लीनिंग, लाह!”

तीन वर्षं धुंडाळून एक अगदी मनासारखा मिळाला. ओरखडा नाही, कडेला निळसर काळा. तो तपासायला पाठवून दर्जाचं प्रमाणपत्र घ्यायचं, असं ठरवलं होतं.

त्या दिवाळीला आई पुण्याहून आली होती. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ऑफिसातून येते तर चौरंगावर माझा डॉलर, लखलखीत!

“किती काळा झाला होता गं! लक्ष्मीपुढे असा ठेवतात का? रांगोळीनं घासला, बघ कसा निघालाय,” आई म्हणाली आणि कौतुकाची वाट बघत उभी राहिली. देवाची चांदीची भांडी ती अशीच घासते. लहानपणी मीही घासलीत.

“वाटोळं केलंस! माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही, सांगून ठेवते!” माझी जीभ आधीपासूनच तिखट.

अंकलनी नाणं भिंगाखाली धरलं, “आय्या, क्लीन्ड,” म्हणाले आणि परत दिलं. ओरखडेच ओरखडे. ते दुःख मी गिळलं. पण घरात वेगळंच सुरू झालं. “ही वाटी घेऊ का गं?” “पंखा लावू का?” टोमणा असता तर मी परतवला असता. ती खरंच विचारत होती. माझ्याच घरात आई पाहुणी झाली, आणि ती मी केली. मला फार लाज वाटली. तिच्या परतीच्या विमानाला आठवडाच राहिला होता.

एका संध्याकाळी मी माझा दुसरा काळा डॉलर आणि रांगोळीचा डबा तिच्यापुढे ठेवला. “घास.”

“किंमत जाईल ना गं त्याची?”

“जाऊ दे. चुकलं माझं, आई.”

तिनं तो उचलला. कडेनं, दोन बोटांच्या टोकांत, मी धरते तस्सा. “राहू दे काळाच,” म्हणाली. “आणि असं अंगावर यायचं नाही पुन्हा. तुझा बाप तसा होता, तेवढं पुरे झालं.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर तिनं मला न विचारता अख्खं स्वयंपाकघर नव्यानं लावलेलं. मी हूं की चूं केलं नाही. आई जाऊन महिना झाला, हिंगाची डबी अजून सापडलेली नाही.