काही सापडलं का?

"आमची ही अगदी विश्वासाची आहे हो. माझी मोत्याची कुडी हिला गादीखाली सापडली. जशीच्या तशी आणून दिली. तपासून घेतलेली आहे आम्ही."

धंतोलीतल्या एका बंगल्याचा दिवाणखाना. दिवाळीच्या पाडव्याची संध्याकाळ. सात-आठ पाहुणे, हातात चकली-चिवड्याच्या बशा. बोलत होत्या त्या वहिनी, घरच्या मालकीण. मी दाराशी उभी होते. कडेवर त्यांची मुलगी रेणू, दीड वर्षांची. तिला सांभाळायला मी त्या घरात होते.

एक पाहुण्या बाई म्हणाल्या, "तपासून घ्यावंच लागतं. यांचं काही सांगता येत नाही." कोणी मान हलवली. वहिनींनी माझ्या हातात साडीचं पुडकं आणि पाकीट दिलं. पाहुण्या बाई म्हणाल्या, "पाया पड ना गं." रेणूला कडेवर सांभाळत मी वाकले.

मला त्या संध्याकाळी अपमान वाटला नाही. आनंद झाला. हे आधीच लिहून ठेवते, कारण नंतर माणूस स्वतःच्या बाजूनं आठवणी दुरुस्त करतो. मी पुडकं छातीशी धरून इंदोऱ्यातल्या आमच्या वस्तीपर्यंत चालत गेले. माझ्याबद्दल इतक्या माणसांसमोर कोणी चांगलं बोलल्याची ती पहिलीच वेळ होती.

मी सोळा वर्षांची असताना त्या घरात कामाला लागले. नववी पास होते. वडील गिरणीत बदली कामगार होते, ते गेले आणि शाळा सुटली. आई सिव्हिल लाईन्समधल्या साहेब लोकांची मुलं सांभाळायची. तिनंच मला हे काम पाहून दिलं. रेणू तेव्हा तीन महिन्यांची होती. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. तेल लावणं, अंघोळ, बाटली, दुपटी, झोपवणं. वहिनी कॉलेजात शिकवायच्या, त्यांचे यजमान हायकोर्टात वकील. त्या घरात शिवाशिव नव्हती. माझा कप वेगळा नव्हता. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "मला बाईसाहेब म्हणायचं नाही. वहिनी म्हण."

कामाला जायच्या आदल्या दिवशी आईनं मला तेल कसं लावायचं, मान कशी धरायची हे शिकवलं. मग दार लोटून घेतलं आणि आणखी एक गोष्ट शिकवली.

"दसरा झाला का त्यायच्या घरात चीजा सापडाले लागतेत. सापडली का हातातलं काम टाकून देजो अन् धावत नेऊन देजो. घडीभर थांबली का चोर झाली समज."

मी विचारलं, चीजा सापडतात म्हणजे? ती म्हणाली, "सापडत नाहीत, ठेवतेत. साडी द्याच्या आधी पाहून घेतेत."

हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या लोकांनी दीक्षा घेतली तेव्हापासून वस्तीत दिवाळी नव्हती. दसऱ्याला आम्ही दीक्षाभूमीवर जायचो, तोच सण. पण घरकामाला जाणाऱ्या बायकांचं वर्ष बंगल्यांतल्या दिवाळीवर चालायचं. साडी आणि एक पगार तेव्हाच मिळायचा. दसऱ्यानंतर नळावर एकच विचारणा असे. "काही सापडलं का वं?"

सापडलं म्हणजे साडी येणार. नाही सापडलं तर काळजी. शेजारची शेवंता एका डॉक्टरांकडे मुलं सांभाळायची. एका वर्षी ती म्हणाली, "मले चमचा सापडला. पण गिलटाचा निघाला वं. म्हंजे साडीबी तशीच देईन." नळावरच्या सगळ्या हसल्या. मीही हसले. आईच्या पेटीतल्या साड्यांना अशीच नावं होती. ही घड्याळाची. ही नोटेची. ही अंगठीची.

पहिल्या वर्षी मला रेणूचा चांदीचा वाळा सापडला. लंगोटांच्या घडीत होता. आईनं शिकवल्याप्रमाणे मी हातातलं काम टाकलं. हातातलं काम म्हणजे रेणू होती. तिला पलंगावर ठेवून मी स्वयंपाकघराकडे धावले. ती तोवर कुशीवर वळत नव्हती. त्या दिवशी वळली. पलंगाशेजारच्या लोखंडी पेटीचा कोपरा तिच्या भुवईवर लागला. दोन टाके पडले.

"मुलीला एकटी टाकून आलीसच कशी?" वहिनींनी विचारलं. वाळा माझ्या हातात होता. त्यांनी तो पाहिला, घेतला, कपाटात ठेवला. तो लंगोटात कसा आला हे त्या बोलल्या नाहीत. मीही नाही. त्या दिवाळीला मला काही मिळालं नाही. मला ते रास्त वाटलं. म्हणूनच पुढच्या वर्षी कुडी परत केल्यावर चारचौघांत नाव निघालं, तेव्हा सुटल्यासारखं झालं.

नंतरच्या तीन वर्षांत मी जे सापडलं ते नेऊन देत राहिले. फक्त रेणूला कडेवर घेऊन धावायचे.

आणीबाणी उठली त्या वर्षी रेणू साडेपाच वर्षांची होती, मी एकवीस. बालवाडी शिक्षिकेच्या प्रशिक्षणाचा फॉर्म मी आणला होता. नववी पास चालत होती. फी मी साठवली होती. एकच अडचण होती. फॉर्मच्या मागच्या बाजूला प्रतिष्ठित व्यक्तीच्या सहीचा चारित्र्याचा दाखला लागत होता. आमच्या वस्तीत त्या अर्थानं प्रतिष्ठित कोणी नव्हतं.

दसऱ्यानंतर मी वहिनींना विचारलं. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "शिकलंच पाहिजे तुम्ही लोकांनी. दिवाळीला देते, साडीबरोबर." फॉर्मची मुदत दिवाळीनंतर आठवड्यानं संपत होती. मी हिशेब केला. एकदा काहीतरी सापडेल, नेऊन देईन, दाखला मिळेल.

दिवाळीला पाच-सहा दिवस होते. दुपारची वेळ. वहिनी कॉलेजात. मागच्या खोलीत मी रेणूच्या लोकरी कपड्यांना ऊन दाखवून घड्या घालत होते. माझी कापडी पिशवी कोपऱ्यात भिंतीला टेकून ठेवलेली. रेणू मूठ मिटून आत आली. माझ्याकडे पाठ केली, पिशवीजवळ वाकली, उठली. मूठ उघडी होती.

मग ती माझ्या मांडीशी येऊन बसली. ती माझ्या हाताखाली वाढली होती, त्यामुळे माझ्यासारखंच बोलायची. वहिनींना ते आवडत नसे.

"आईनं सांगतलं, ताईच्या पिशवीपाशी ठेवजो. अन् ताईले सांगू नको."

मी घडी घालत राहिले.

"आई म्हणे, ताई चोर असन त काढून टाकू. ताई, तू चोर आहे का?"

तहान लागली का, असं विचारावं तसं तिनं विचारलं. तिला खरोखर माहीत करून घ्यायचं होतं.

पिशवीला लागून कुडी पडली होती. तीच, मोत्याची. मी उठले होते. वाकलेही होते. हात पुढे गेला होता. हे सगळं शरीरानं आपोआप केलं, पाच वर्षांची सवय होती. कुडीपासून वीतभर अंतरावर हात थांबला. माझ्या समोर रेणूचा चेहरा होता. भुवईवर दोन टाक्यांची खूण. ती माझ्या हाताकडे पाहत होती. आईनं पाहायला सांगितलं होतं.

या मुलीला मी बोलायला शिकवलं. माझ्यावर नजर ठेवायला तिला दुसऱ्या कोणी शिकवलं.

मी हात मागे घेतला. पिशवी उचलून खिडकीच्या खुंटीला अडकवली. कुडी होती तिथेच राहिली. रेणूची वेणी घातली, तिला दूध दिलं. तिच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही.

वहिनी साडेचारला आल्या. मागच्या खोलीत डोकावून गेल्या. थोड्या वेळानं पुन्हा आल्या. वकीलसाहेब आले, चहा झाला. मी माझी कामं करत होते. कुडी फरशीवर उघडी पडली होती, येता-जाता दिसत होती. तिघंही तिच्या बाजूनं चालत होतो. पावणेसहाला वहिनींनी विचारलं,

"काही सापडलं का गं तुला?"

नळावरचेच शब्द. त्यांच्या तोंडून मी ते प्रथमच ऐकले.

"तिथं पडली आहे," मी म्हटलं.

"मग उचलली का नाहीस?"

"मी टाकली नाही."

वहिनींचा आवाज चढला नाही. त्या शिकवणाऱ्या होत्या. त्यांनी मला समजावून सांगितलं की यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, सगळ्याच घरांत असं करतात, माणूस खरा असेल तर त्याला कसली भीती. मग म्हणाल्या, "पाच वर्षं मी तुला घरच्यासारखं वागवलं."

"दिवाळीला तुमचे भाऊ येतात, वहिनी. त्यांच्या बॅगेजवळ काय टाकता?"

वकीलसाहेब वर्तमानपत्र घेऊन बाहेर गेले.

वहिनी आत गेल्या, एक कागद घेऊन आल्या. दाखला. टंकलेखन केलेला, खाली सही, हुद्दा, शिक्का. तो आधीच तयार होता. त्यांनी तो मेजावर ठेवला आणि म्हणाल्या, "हा घे. साडी पण काढून ठेवली आहे. कुडी उचलून माझ्या हातात दे आणि विषय संपव."

मी दाखला वाचला. तीन ओळी होत्या. मी हिला पाच वर्षांपासून ओळखते. ही मुलगी प्रामाणिक आहे. याची मी स्वतः वेळोवेळी खात्री करून घेतली आहे.

शेवटची ओळ मी दोनदा वाचली. हा कागद मी जिथे जिथे देईन तिथे तिथे ती ओळ माझ्याबरोबर येणार होती. तपासून घेतलेली आहे.

रेणू दारात उभी होती. आमच्या दोघींच्या मध्ये काय अडलंय ते तिला कळलं असावं. ती आली आणि कुडी उचलायला वाकली. एवढ्यानं सगळं मिटलं असतं.

"रेणू, तू हात लावायचा नाही," वहिनी म्हणाल्या. "तिला उचलू दे."

तोवर माझ्या मनात थोडा किंतू होता. तो त्या वाक्यानं संपला. त्यांना कुडी नको होती. मला वाकलेलं पाहायचं होतं. पाडव्याला पाहुण्यांसमोर वाकले होते तसं.

मी खुंटीवरची पिशवी काढली. ती मेजावर पालथी केली. डबा, फणी, फॉर्म. दोघींना दिसेल असं पुन्हा भरलं. दाखला तिथेच ठेवला. उद्यापासून येणार नाही, एवढं सांगितलं. रेणू फाटकापर्यंत मागे आली. मी वळून पाहिलं नाही. तिला जवळ घेतलं असतं तर मी परत गेले असते.

आई दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, "उचलली असती त का हात झडले असते तुहे? मी वीस वर्षं उचललं." मी म्हटलं, म्हणूनच तुले मलेबी शिकवावं लागलं. ती उठून बाहेर गेली. त्या दिवाळीला तिनं एक साडी आणली. चमच्याची.

फॉर्मची मुदत गेली. मी इतवारीत एका गोदामात मिरच्यांची देठं खुडायला लागले. हातांची आग रात्रभर जात नसे.

पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर नळावर पुन्हा तेच सुरू झालं. काही सापडलं का वं. मी म्हटलं, सापडलं त पडू द्या. उचलू नका. शेवंता म्हणाली, "तुह्यं काय जाते? तू त मिरच्या खुडून राहिली."

तिच्या डॉक्टरांच्या घरी त्या वर्षी पाच रुपयांची नोट पाळण्याखाली पडली. शेवंतानं ती पडू दिली. तीन दिवस नोटेच्या भोवतीनं झाडलं. चौथ्या दिवशी तिला काढलं. ती सरळ माझ्या दारात आली, मला पोटभर शिव्या दिल्या, पाणी मागून प्याली आणि बसून राहिली. दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर गोदामात आली. वस्तीतल्या आणखी दोघींनी उचललं नाही. त्यांचंही काम गेलं. बाकीच्या उचलत राहिल्या. आमच्यामुळे एकही बंगला सुधारला नाही. त्यांना दुसऱ्या बायका मिळाल्या.

रेणूच्या प्रश्नाला "नाही" म्हणायला हवं होतं, असं मला बरीच वर्षं वाटत असे. लहान होती ती. आता वाटत नाही. मी चोर नाही हे सांगायला लागणं, तिथेच मी हरले असते.

तो फॉर्म माझ्याकडे आहे. समोरच्या बाजूला माझं नाव, वय, शिक्षण, माझ्या अक्षरात. मागची जागा कोरी आहे. त्यानंतर दोन ठिकाणी मला असाच दाखला मागितला. मी सांगितलं, दाखला नाही, महिनाभर काम पाहा. एका ठिकाणी ठेवून घेतलं, दुसऱ्या ठिकाणी दारातून परत पाठवलं. तिसऱ्या ठिकाणी मागतील तेव्हाही माझं उत्तर हेच असेल. माझ्या खरेपणाखाली मी कोणाची सही घेणार नाही. आणि मी टाकलं नाही ते उचलायला वाकणार नाही, समोर सोनं पडलेलं असलं तरी.