फाटलेल्या पडद्याची सिद्धता

विभागात त्यांना सगळे 'पडदेवाल्या बाई' म्हणत, आणि तेही तोंडावर. बाई गणित शिकवत. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी एका पडद्यापायी घालवली होती, आणि तो पडदा होता फक्त कागदावर. चौकटीत बसवलेलं पातळ रबर समजा. एक कड खाली, समोरची वर. रबर ताणावं तर ताणाचा खर्च, फाडावं तर चिरेच्या लांबीचा खर्च. मधोमध एकच सरळ चीर असलेला पडदा सगळ्यांत कमी खर्चाचा, असं बाईंच्या सरांचं तरुणपणापासून म्हणणं होतं. पण सिद्ध कोण करणार? खर्चाचा नकाशा काढला, तर त्यात दऱ्या अनेक. एका दरीच्या तळाशी पोचलात म्हणून सगळ्यांत खोल तीच, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. त्यात पडदा कुठेही, कितीही वेळा फाटू शकतो. अशा एकेका पडद्याला हरवत बसायचं तर जन्म पुरणार नाही.

सर आता निवृत्त झाले होते आणि रविवारी मुलाकडे, दूरच्या गावी, कायमचे जाणार होते. शुक्रवारी विभागात बाई त्यांच्यापुढे सिद्धता मांडणार होत्या. सरांना उत्तराविना जाऊ द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

युक्ती होती त्यांच्याकडे. पडद्याभोवतीच्या जागेत मनातल्या मनात पाणी वाहतं ठेवायचं. ते कुठे उगवता कामा नये, कुठे मुरता कामा नये. मग कडा त्याच असल्या की कुठल्याही पडद्यातून सारखंच पाणी जाणार. ते कुठल्याही पडद्याच्या खर्चाहून जास्त होऊ द्यायचं नाही, आणि आपल्या एका चिरेच्या पडद्याच्या खर्चाइतकं मात्र बरोब्बर भरायचं. असं पाणी सापडलं की सगळे प्रतिस्पर्धी एका फटक्यात गारद. बाईंनी ते तीन वेगवेगळे प्रवाह एकमेकांना जोडून तयार केलं होतं.

शुक्रवारी सकाळी घरी कागदांवरून शेवटचा हात फिरवताना त्या एका जोडापाशी थबकल्या. दोन्ही बाजूंचा वेग जुळतो हे त्यांनी तपासलं होतं खरं, पण जोडाला समांतर वाहणारा. जुळायला हवा होता जोड ओलांडणारा. म्हणजे जोडावर पाणी चक्क हवेतून उगवत होतं. नवशिक्याने करावी अशी चूक, आणि सगळा डोलारा तिच्यावर उभा!

"तोंड का उतरलंय?" सासूबाईंनी विचारलं.

"सिद्धता चुकलीय."

"मग ताप आलाय म्हणून कळव."

"सरांना खोटं सांगू?"

"मग खरं सांग. पण आधी चार घास खाऊन घे, उपाशीपोटी खरं बोलवत नाही."

विभागातल्या खोलीचं दार लावून बाई बसल्या. जोडाच्या जागी त्यांनी एक पातळ थर घातला आणि जास्तीचं पाणी त्यातून तिरकं वळवलं. गळती थांबली. पण चिरेतून किती पाणी जाऊ द्यायचं याला मर्यादा होती, आणि पडदा रुंद असला की थरातलं पाणी ती ओलांडायचं. अरुंद पडद्यात मात्र सगळं नीट बसत होतं. त्यांनी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. बसत होतं.

"ही सिद्धता अरुंद पडद्याची आहे," दुपारी त्यांनी सगळ्यांसमोर फळ्यापाशी उभं राहून सांगून टाकलं. "रुंदाचीही आहे, असं मला आज सकाळपर्यंत वाटत होतं."

मागे कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत. प्रत्येक जोडाशी ते विचारत राहिले, "ओलांडणारा वेग?" आणि बाई दाखवत राहिल्या. शेवटची ओळ लिहून झाली तरी सर फळ्याकडेच बघत होते.

"म्हणजे अरुंदात तरी खरं आहे," ते म्हणाले. "मला आपलं नुसतं वाटायचं गं. इतकी वर्षं नुसतं वाटायचं." बाई फळा न पुसताच त्यांच्याशेजारी येऊन बसल्या.

जिना उतरताना बाईंनी सरांचा हात धरला. "रुंदाचं जमलं की लिहून पाठवते."

"पाठवू नकोस," सर म्हणाले. "बोलाव मला. मी येईन."