अर्ध्या पेवाची खात्री

बी. कॉम. झाल्यावर माझ्यापुढे दोन वाटा होत्या आणि त्यांतली एक मला उघडउघड हरामाची वाटत होती.

पहिली वाट सांगलीची. तिथल्या एका रजिस्टर्ड अकाउंटंटकडे तीन वर्षं उमेदवारी करायची, त्यासाठी वर त्यांनाच प्रीमियम भरायचा, मग परीक्षा, आणि पास झालो तर लोकांचे हिशेब तपासायला मी लायक ठरणार. दुसरी साताऱ्याची. इन्कमटॅक्सची कामं करणारे एक वकील आमच्या गावाकडचे होते. त्यांनी निरोप धाडला होता: बी. कॉम. माणसाला इन्कमटॅक्स अधिकाऱ्यापुढे व्यापाऱ्याच्या वतीने उभं राहता येतं, नोंदणीचं मी बघतो, पहिल्या महिन्यापासून पगार. सांगली संस्थान त्याच सुमारास विलीन झालं होतं. आमच्याकडचा इन्कमटॅक्स आता संस्थानातही लागणार म्हणून तिथल्या पेठेतले व्यापारी धास्तावले होते, आणि वकिलांच्या मते याहून चांगला मोका पुन्हा यायचा नव्हता.

मी पत्रकांवर वाढलो. वडील शाळामास्तर. घरात पुस्तकं मोजून चार आणि चळवळीची पत्रकं ट्रंकभर. बाराखडीनंतर मी जे वाचलं ते फिकट शाईत, घाईने छापलेलं आणि वाचून झाल्यावर लपवायचं होतं. त्यांत लुटारू होते, फितूर होते, काळाबाजारवाले होते. ‘कदाचित’ हा शब्द त्यांत नसे. तो मला फार उशिरा भेटला.

त्यामुळे माझा निकाल आधीच झाला होता. अकाउंटंट खरं शोधतो, टॅक्सवाला खोटं झाकतो. हे मी भावाला ऐकवलं. तो माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, लढाई संपल्यावर पलटणीतून सुटून घरी आलेला.

“तीन वर्सं फुकट राबायचं आन वर त्येलाच पैसं द्यायचं?” तो म्हणाला. “आरं, पलटणीत रंगरुटालासुदिक पगार हाय की रं.”

“मग व्यापाऱ्याची चोरी झाकून पगार घेऊ?”

“चोरी झाका म्हनून कोन सांगतंय तुला? फारम भर म्हनत्यात.” आणि हसून, “तुज्यापरीस आमचा हवालदार बरा. त्यो निदान दम तरी खाऊ द्येत हुता.”

तरी प्रीमियमचे पैसे तोच द्यायला तयार झाला. पलटणीतून मिळालेले होते, बैलजोडी घ्यायची म्हणून ठेवलेले. अट एकच: आधी तीन महिने तिथे काम करून बघ, मगच करारावर सही कर.

सांगलीचे साहेब साठीला आलेले, किडकिडीत, हळू बोलणारे. ऑफिस गणपती पेठेत, माडीवर. पहिल्या आठवड्यातच मी त्यांच्यावर नाराज झालो. मला वाटलं होतं, इथे लबाडांना घाम फुटत असेल. इथे पावत्यांवर खुणा करायच्या होत्या आणि दुपारी चहा यायचा.

दुसऱ्या महिन्यात एका हळदीच्या कंपनीचं काम माझ्याकडे आलं. सांगलीची हळद पेवात ठेवतात. नदीकडच्या जमिनीत माणसाच्या तिप्पट-चौपट खोल खड्डा, घागरीसारखा, पोट मोठं आणि तोंड एका माणसापुरतं. आत हळकुंडं भरायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचं. किडा लागत नाही, वर्षानुवर्षं टिकते. कंपनीचा सगळा साठा असा जमिनीखाली होता. साहेबांची पद्धत अशी की पेवांची तोंडं मोजायची, कंपनीचा कारभार बघणाऱ्या दिवाणजींकडून साठ्याचं लेखी घ्यायचं आणि अहवालात लिहायचं: साठा दिवाणजींनी दाखला दिल्याप्रमाणे, आम्ही प्रत्यक्ष पाहिलेला नाही.

वीस वर्षं हेच वाक्य. मला ते वाचून संताप आला. पाहिलेला नाही, तर मग तपासलं काय? ऑफिसातल्या कारकुनांसमोर मी म्हणालोही, “ही तपासणी नव्हे, हा आळस आहे.” साहेबांना मात्र एवढंच विचारलं, “एक पेव उघडून बघू का?” त्यांनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, “उघडायचं तर तिथल्या माणसांचं ऐका.” पुढे ते कामासाठी मिरजेला गेले.

कंपनीच्या वहीत एका पेवापुढे ‘निम्मं’ असं लिहिलेलं होतं. बाकीची भरलेली, हे एक अर्धं काढून पुन्हा झाकलेलं. मी तेच निवडलं. लबाडी असेल तर अर्ध्यातच असणार.

हरिपूरच्या वाटेवर सकाळी आम्ही पोचलो. मी, दिवाणजी, पेवात उतरणारा एक पन्नाशीचा गडी आणि दोर धरायला दोघे. गड्याने माती फोडून तोंड मोकळं केलं. आतून उष्ण, कडवट वास आला.

“हं, झालं,” दिवाणजी हात झटकत म्हणाले. “आता उद्या सकाळी माणूस उतरेल.”

“उद्या का?”

“आत हवा कोंडलेली असते. दिवसभर वारा खेळू द्यावा लागतो.”

“आणि रात्रीत वाऱ्याशिवाय आणखी काय काय खेळतं आत, ते मला कोण सांगणार?”

तो गडी मोठ्याने हसला. “आवं सायेब, पेव हाय ह्ये, तमाशाचा तंबू न्हवं. आत कोन खेळनार?”

दोरवालेही हसले. मला ते हसणं झोंबलं. मी ठरवलं, हे मला पोरगा समजतात. आज इथून हलायचं नाही.

गड्याने कंदील दोराला बांधून आत सोडला. पुरुषभर खाली जायच्या आत तो विझला. मग गोणपाटं हलवून हलवून त्यांनी आत हवा घातली. दुपार झाली. पुन्हा कंदील सोडला. या वेळी ज्योत बारीक झाली पण विझली नाही.

“अजून न्हाई,” गडी म्हणाला. “मिनमिनतोय. उद्याच्याला उतरतो.”

“विझला नाही ना?”

“विझला न्हाई, पन नीट जळंना बी.”

माझ्या डोक्यात ट्रंकभर पत्रकं होती. वेळ मागतो तो लपवतो, हे मी त्यांतून शिकलो होतो. मी वही काढली आणि दिवाणजींना दिसेल अशी धरून लिहिलं: ‘साठा दाखवण्यास नकार.’

दिवाणजींचा चेहरा उतरला. कर नव्याने येत होता. असली ओळ नव्या अधिकाऱ्याच्या हाती पडली तर काय होईल, ते मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच मी लिहिलं. ते गड्याकडे वळले. “उतर की रं. सायबांचा इस्वास न्हाई आपल्यावर.”

गड्याने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. दोर कमरेला बांधता बांधता म्हणाला, “बगून येतो. तुमी तवर बिडी वडा.”

“मी ओढत नाही.”

“मग आकडं मोजा. तुमचं कामच त्ये.”

तो उतरला. दोर सरकत गेला, थांबला. दोरवाल्याने हाक मारली. ओ आली नाही. पुन्हा हाक मारली. मग दोघे ओढायला लागले आणि तिसरा हात माझा होता. तो वर आला तेव्हा ओठ निळे पडले होते. अंगाला हळद लागलेली, तोंडातही हळद. कुणीतरी त्याला पालथा घातला, कुणी पाणी आणलं, कुणी छाती चोळली. किती वेळाने त्याने श्वास घेतला ते मला सांगता येणार नाही. घेतला एवढं खरं. दिवाणजी रडत होते. पेव त्यांनी तेव्हाच झाकून टाकायला लावलं.

त्या आठवड्यात मी अहवालाचा मसुदा केला. वाक्य ठाम लिहिलं: ‘एक पेव उघडून साठा प्रत्यक्ष पाहिला, वहीप्रमाणे निम्मा आढळला.’ मला वाटलं, एवढं झाल्यावर निदान हे वाक्य तरी उभं राहिलं पाहिजे.

साहेबांनी ते वाचलं आणि लाल पेन्सिल घेतली.

“कोणी पाहिला?”

मी मसुद्यावर नजर टाकली.

“तुम्ही वाकून पाहिलंत?”

“आत अंधार होता.”

“त्याने वर आल्यावर काही सांगितलं?”

“तो बोलण्याच्या अवस्थेत नव्हता.”

“मग निम्मा कुठून आला?”

“वहीतून,” मी म्हणालो.

त्यांनी ओळ खोडली आणि वर आपल्या अक्षरात दरसालचं वाक्य लिहिलं. आवाज चढवला नाही. “कारकुनांपुढे तुम्ही याला आळस म्हणालात, ते माझ्या कानावर आलं. अहो, मी पाहिलेलं नाही असं मी वीस वर्षं लिहितोय. तुम्हांला ते भ्याडाचं वाक्य वाटतं. त्यात खोटा शब्द दाखवा.”

खोटा शब्द त्या टेबलावर एकच होता आणि तो माझा होता.

“चूक तुमची नाही, असं मी म्हणणार नाही,” ते पुढे म्हणाले. “पण तीन महिने संपतील तेव्हा सही करा. हे शिकलेला माणूस मला हवा आहे.”

कंपनीने गड्याच्या औषधाचा खर्च आणि एक महिन्याची मजुरी दिली. मग देणं थांबलं. हे ऐकून माझं रक्त खवळलं. मी कागद घेऊन बसलो, माणसाच्या जिवाची किंमत एक महिना, अशी सुरुवातही केली. दोन ओळींच्या पुढे गेलो नाही. त्याला खाली कोणी पाठवलं, हे तिसऱ्या ओळीत यायला हवं होतं.

तीन महिने संपायच्या आधीच्या रविवारी मी त्याच्या घरी गेलो. अंगणात बसला होता. उजवा हात सारखा थरथरत होता. बोलताना मध्येच शब्द हरवायचा आणि तो बायकोकडे बघायचा. ती शब्द पुरवायची. त्याने मला ओळखलं नाही.

“आवं, कंपनीकडलं सायेब आल्यात,” ती म्हणाली. तिलाही मी नक्की कोण ते माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही.

“बसा,” तो म्हणाला. मग बराच वेळ जुळवाजुळव करून, “मी त्या दिशी उतरलो हुतो म्हनं. मला कायबी याद न्हाई. उतरलो कवा, बगितलं काय... सगळं ग्येलं.” तो पुढे झुकला. “हळद किती हुती वं?”

मी म्हणालो, “निम्मं पेव.”

“वहीपरमानं?”

“वहीप्रमाणे. बरोबर निघाली.”

त्याचा चेहरा उजळला. बायकोला म्हणाला, “बग. म्हनलं हुतं का न्हाई? आमच्यात लबाडी न्हाई.” तिने मान डोलावली आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेली. तो चहा मी प्यायलो.

त्या पेवात किती हळद होती ते मला तेव्हा माहीत नव्हतं, आजही नाही. पुढच्या हंगामात कंपनीने ते रिकामं केलं म्हणतात. मी चौकशी केली नाही. त्या भेटीच्या दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं की सही करत नाही. त्यांनी कारण विचारलं. प्रीमियम झेपणार नाही, असं मी म्हणालो, आणि त्यांनी ते मान्य केल्यासारखं दाखवलं.

आता मी साताऱ्यात त्या वकिलांकडे आहे. भावाला वाटतं, मला अक्कल आली. व्यापारी वही घेऊन समोर बसतो, सांगतो, आणि मी फॉर्म भरतो. साठ्याच्या रकान्यापाशी आलो की तो सांगेल तो आकडा लिहितो. कुणी पाहिलं का, हे मी विचारत नाही.